ब्रेक वाजतोय: कधी चालवायची, कधी उभी करायची

पाचोऱ्याच्या एका भावाने विचारलंय: पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, रोज पाचोरा ते जळगाव ये-जा असते. सात-आठ महिन्यांपूर्वी पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले. आता सकाळी गाडी काढली की ब्रेक चिरचिरतो, आणि अलीकडे स्पीड ब्रेकरजवळ हळू होतानाही चिरचिर येते. एका ठिकाणी दाखवली तर पॅड, डिस्क, मागचे लायनर सगळंच बदला म्हणाले. दुसऱ्या मिस्त्रीने पॅडला काचकागद मारून दिला, चार दिवस आवाज बंद होता, मग पुन्हा सुरू. पुढच्या आठवड्यात घरच्यांना घेऊन कन्नड घाटातून वेरूळला जायचंय. जाऊ का?

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. पुढची दोन्ही चाकं काढून पॅडची जाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घाटात जाऊ नका. या कामाला पाऊण तास लागतो. जाडी पुरेशी निघाली आणि खाली सांगतो त्या दोन-तीन गोष्टी ठीक असल्या, तर हीच चिरचिर घेऊन खुशाल वेरूळ करून या. आवाज किती मोठा आहे यावरून गाडीचा धोका ठरत नाही. कानठळ्या बसवणारे ब्रेक कधी कधी ठणठणीत असतात आणि अजिबात न वाजणाऱ्या गाडीचा पॅड पार पत्र्यापर्यंत गेलेला असतो. गॅरेजवर "भाऊ, ब्रेक वाजी राह्यना" म्हणत जो येतो त्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की कधी वाजतो? सकाळी, गरम झाल्यावर, हळू दाबल्यावर, जोरात दाबल्यावर, की ब्रेकला पाय न लावताही? अर्धं निदान तिथेच होतं.

चिरचिर मुळात येते कुठून ते समजून घ्या. ब्रेक दाबला की कॅलिपरमधले (डिस्कवर बसवलेल्या चिमट्यातले) दोन पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात. ही पकड एकसलग नसते. पॅड सूक्ष्म प्रमाणात चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. पाटीवर पेन्सिल जरा उभी धरली की किर्र होतं, तोच प्रकार. पॅडची ही थरथर डिस्कच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की बिडाची ती अख्खी चकती वाजायला लागते. म्हणून चिरचिर बहुतेक वेळा हलक्या पायाने, कमी वेगात, थांबता थांबता येते. तुमचा स्पीड ब्रेकरजवळचा आवाज याच जातीचा वाटतो. ही थरथर मारण्यासाठीच कंपनी पॅडच्या पाठीला शिम, म्हणजे पातळ पट्टी, देते, कॅलिपरच्या कंसात स्टीलच्या क्लिपा देते आणि पॅडचे कान जिथे सरकतात तिथे खास ग्रीस लावायला सांगते. पॅड बदलताना शिम फेकून दिली, जुन्या गंजलेल्या क्लिपा तशाच ठेवल्या, ग्रीस लावलंच नाही, की नवे पॅडसुद्धा वाजतात. घाईत झालेल्या कामात हे हमखास होतं.

सकाळचा आवाज वेगळा. डिस्क बिडाची असते आणि तिचा घासणारा भाग उघडा असतो. रात्रीचं दव, पावसाळी हवा किंवा आदल्या दिवशी धुतलेली गाडी, एवढ्यावर तिच्यावर गंजाची पातळ तांबूस साय येते. पहिल्या पाच-दहा ब्रेकांत ती पुसली जाते आणि आवाज जातो. धुळे-जळगावकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडते. गार पॅड जास्त वाजतो, त्यामुळे तेव्हा तक्रारी वाढतात. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज थांबत असेल तर त्यासाठी एक रुपयाही खर्च करू नका. गाडी धुतली की एक छोटी चक्कर मारून, दोन-चार वेळा ब्रेक लावून मग उभी करा, एवढं पुरे.

आपल्या भागात धूळ हा मोठा विषय आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास पारा, वारा सुटलेला, रस्त्याची कामं चालू, आणि त्यात शेतात गाडी नेणं. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्यांच्या गाड्या मी उघडतो तेव्हा मागच्या ड्रममधून काळ्या मातीच्या खपल्या निघतात. काळी माती ओली असताना चिकटते, वाळली की दगडासारखी होते. छोट्या गाड्यांना मागे बहुतेक ड्रम ब्रेकच असतात. ड्रम बंद डबा असल्याने आत गेलेली धूळ आणि लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या थराची, स्वतःची भुकटी बाहेर पडत नाही. मग मागून कुंईकुंई येते, हँडब्रेक ओढताना कुरकुर होते. इथे बहुतेकदा लायनर बदलायची गरज नसते. ड्रम काढायचा, आतला भाग ब्रेक क्लीनरने धुवायचा, शू, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानी, ज्या पत्र्यावर टेकून सरकतात ते टेकू साफ करून त्यांना अगदी थोडं ग्रीस लावायचं. एक विनंती मात्र करतो. ती भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका, विशेषतः जुन्या गाडीची. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुफ्फुसात गेलं की परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसणं किंवा क्लीनरने धुणं हाच मार्ग. हे काम रोज करणाऱ्या पोरांसाठी सांगतोय, त्यांना कोणी सांगत नाही.

कधी कधी चाक फिरेल तसा एका लयीत कर्र-कर्र आवाज येतो आणि ब्रेक दाबला-सोडला तरी फरक पडत नाही. अशा वेळी डिस्क आणि तिच्या मागचा पातळ पत्रा यांच्यामध्ये खडा अडकलेला असतो, नाहीतर तो पत्रा वाकून डिस्कला लागत असतो. गाडी सावकाश थोडी मागे-पुढे केली तर खडा पडूनही जातो.

आता ज्याची खरी काळजी करायची त्याकडे येतो. चांगल्या पॅडला एका कडेला पत्र्याची छोटी जीभ असते. मसाला, म्हणजे पॅडचा घासणारा थर, झिजून साधारण २-३ मिलिमीटर उरला की ही जीभ डिस्कला घासते आणि मुद्दाम कर्कश, धातूची किंकाळी काढते. "मला बदला" असं सांगायलाच ती ठेवलेली आहे. काही गाड्यांत ती ब्रेक न दाबता चालतानाच वाजते आणि दाबल्यावर आवाज बदलतो, काहींत दाबल्यावरच वाजते. गंजाच्या आवाजापासून तिला ओळखायची खूण अशी की ती गाडी गरम झाल्यावरही जात नाही, उलट रोज थोडी वाढते. हा आवाज आला म्हणजे गाडी तिथल्या तिथे बंद पडणार नाही, पण त्या आठवड्यात पॅड बदला आणि तोवर लांबचा पल्ला किंवा घाट टाळा. अडचण अशी की ही जीभ बऱ्याचदा एकाच पॅडला असते, आणि स्वस्तातल्या पॅडना नसतेच. त्यामुळे "काही आवाज नाही, म्हणजे पॅड आहे" असं धरून चालू नका.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे घरघर, लोखंडावर लोखंड. पेडलमधून पायाला खरखर जाणवते. मसाला संपला आणि पॅडची लोखंडी पाठ डिस्क कोरते आहे. इथे "जळगावपर्यंत नेतो आणि दाखवतो" हा विचारच करू नका. जवळचा मिस्त्री गाडीजवळ बोलवा किंवा गाडी उचलून न्या. चार दिवस आधी नुसते पॅड लागले असते, आता डिस्कही जाते. आणि पैशाचं सोडा, ओल्या रस्त्यावर समोर बैलगाडी आली तर ती गाडी वेळेत थांबणार नाही.

तुमच्या गाडीबद्दल माझा अंदाज सांगतो. पाचोरा-जळगाव ये-जा धरली तर सात-आठ महिन्यांत वीस हजारांच्या आसपास किलोमीटर झाले असतील. बरे पॅड हायवेच्या वापरात एवढ्यात संपत नाहीत, ३०-४० हजार सहज जातात. म्हणजे दोनच शक्यता जास्त दिसतात. एक, बसवलेले पॅड कडक मसाल्याचे किंवा नकली आहेत. त्यांचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत झालाय. काचकागदाने तो थर निघाला म्हणून चार दिवस आवाज गेला, आणि मूळ कारण तसंच राहिल्याने पुन्हा थर चढला. दुसरी, कॅलिपरच्या पिना सुकल्या आहेत. या दुसऱ्या शक्यतेसाठीच मी चाक काढायचा आग्रह धरतोय.

पिनांचं जरा नीट सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. छोट्या गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच रेट्याने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनेवरचा रबरी बूट फाटला की धूळ-पाणी आत जातं, ग्रीस वाळून डिंक होतं आणि कॅलिपर सरकेनासा होतो. मग सगळा भार आतल्या पॅडवर येतो. बाहेरचा पॅड ८ मिलिमीटर दिसतो आणि आतला संपलेला असतो. अलॉय व्हीलच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून लोक बाहेरचा पॅड बघतात आणि निश्चिंत होतात, तिथेच फसतात. पिन अडकल्याच्या इतर खुणाही असतात. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते, एकाच चाकाच्या रिमवर काळी भुकटी जास्त जमते, ॲव्हरेज पडतं, थांबल्यावर जळका वास येतो. दहा किलोमीटर चालवून आल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात धरा, हात लावू नका, भाजेल. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं वाटलं तर तिथला कॅलिपर किंवा पिन चिकटते आहे.

पाहायचं कसं? गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट आधी जरा सैल करा, मग जॅक लावा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालू नका, खाली स्टँड किंवा निदान काढलेलं चाक आडवं सरकवून ठेवा. स्टीअरिंग एका बाजूला वळवलं की कॅलिपरच्या खिडकीतून दोन्ही पॅड दिसतात. लोखंडी पाठ सोडून फक्त मसाल्याची जाडी मोजायची. नव्या पॅडला तो १०-१२ मिलिमीटर असतो. १० रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण साडेतीन मिलिमीटर होतात. चारपैकी कुठल्याही पॅडचा मसाला त्याच्या आसपास आला असेल तर घाटापूर्वी बदलायचा. मग डिस्कवरून नख फिरवा. बारीक रेघा असणारच, पण नख अडकेल अशी चर असेल किंवा कडेला जाड ओठ तयार झाला असेल तर डिस्कची जाडी मापून घ्यावी लागते. किमान जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. मोजमाप त्याच्या वर असेल तर डिस्क बदलायचं कारण नाही. ज्यांनी तुम्हाला सगळंच बदला सांगितलं, त्यांनी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून आकडा दाखवला होता का? दाखवला नसेल तर तो आकडा मागा. ग्राहकाने मागितलाच पाहिजे.

पॅड बदलायची वेळ आलीच तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एका चाकाचे कधीच नाही. कंपनीचे किंवा नावाजलेल्या ब्रँडचे, सीलबंद खोक्यातले घ्या आणि खोकं स्वतः फोडा. क्लिपा नव्या घाला. पिना बाहेर काढून, पुसून, त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावायला सांगा. डब्यातलं साधं पिवळं ग्रीस नको, ते उष्णतेने वितळतं आणि रबर फुगवतं. नवे पॅड बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर थोडा आवाज येऊ शकतो. मोकळ्या रस्त्यावर मागे कोणी नाही पाहून ५०-६० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत बेताने ब्रेक लावायचा, मग थोडं चालवून गार होऊ द्यायचं, असं आठ-दहा वेळा केलं की पॅड डिस्कवर बसतो. तापलेले नवे पॅड दाबून धरून उभे राहू नका, डिस्कवर त्याच जागी ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

आवाज बंद करायला काही जण पॅडवर तेल सोडतात, गंज सोडवायचा स्प्रे मारतात. हे ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. आवाज जातो हे खरं, त्याबरोबर ब्रेकही जातो. मसाला तेल शोषून घेतो, ते नंतर कशानेही निघत नाही, तो पॅड फेकावाच लागतो. ड्रममधला व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) गळून लायनर ओले झाले असतील तर त्यांनाही हाच न्याय, आधी गळती बंद करायची आणि मग नवे लायनर. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या चाकांवर पाणी मारणंही तसंच वाईट, डिस्क वाकते किंवा तडकते.

ब्रेक ऑइलकडेही लक्ष द्या. बाटलीतली पातळी खाली गेली म्हणून लगेच वर भरू नका. पॅड झिजला की पिस्टन पुढे येतो आणि त्यामागे ऑइल जातं, म्हणून पातळी उतरते. म्हणजे उतरलेली पातळी ही पॅड झिजल्याची किंवा गळतीची खबर असते. भरून टाकलं की खबर पुसली जाते, आणि नवे पॅड घालताना ऑइल उतू येऊन रंग खराब करतं तो भाग वेगळा. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल मुरल्यावर १४० लाच उकळू शकतं. डॉट ४ चे हेच किमान आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल थेट खाली जातं. पाच वर्षांच्या गाडीत ते एकदाही बदललं नसेल तर या आठवड्यात बदलाच, पुढे दर दोन वर्षांनी. झाकणावर जे लिहिलंय तेच घाला.

घाटाबद्दल इतकं का सांगतोय त्याचा हिशेब पाहा. माणसं-सामानासह १,२०० किलोची गाडी ३०० मीटर उंची उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तेवढ्यात ती ८० च्या वेगावरून जवळपास १२ वेळा पूर्ण थांबवता येईल. ही सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली तर ते तापतात, मसाल्याची पकड सुटते, आणि ऑइल जुनं असेल तर उकळतं. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरा, दुसऱ्या-तिसऱ्यात. न्यूट्रल कधीच नाही. पेट्रोल वाचतं हा समजही खोटा आहे, गिअरमध्ये पाय उचलून उतरताना आजच्या इंजिनांत इंधन जवळपास बंदच होतं. ब्रेक सतत अर्धा दाबून ठेवण्यापेक्षा ठामपणे दाबा, वेग कमी करा, सोडा, डिस्कला वारा लागू द्या. वेरूळहून परतताना कन्नडकडून चाळीसगावच्या बाजूला उतराल तेव्हा हे लागेल. तोरणमाळ, कोंडाईबारी, अजिंठ्याचा घाट, सेंधव्याकडून येताना बिजासन, सगळीकडे हेच. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला जो अपघात झाला, त्यात ब्रेक निकामी झालेला कंटेनर उतारावरून वाहनांवर आणि हॉटेलवर गेल्याच्या बातम्या होत्या, कितीतरी माणसं गेली. ट्रकचे ब्रेक हवेचे असतात, रचना वेगळी, पण उताराचा नियम दोघांना सारखाच.

जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली टरटर-खडखड झाली तर घाबरून पाय काढू नका, ते एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करतंय. पेडल मऊ लागणं, दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसणं, डॅशबोर्डवर हँडब्रेक सोडूनही लाल दिवा राहणं, ब्रेक लागताना गाडी एका अंगाला जाणं, यातलं काहीही झालं तर चिरचिर असो वा नसो, गाडी बाजूला घ्या. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना गंजाचा आवाज जास्त येतो, कारण त्यांची गाडी मोटरवरच वेग मारते आणि डिस्क कमी घासली जाते. तिथे अधूनमधून जरा ठाम ब्रेक लावला की पुरतं.

तर उद्या-परवा एखाद्या मिस्त्रीकडे गाडी न्या आणि चाक काढताना शेजारी उभे राहा. आतल्या पॅडची जाडी, पिना हाताने सरकतात का, बूट फाटलेत का, डिस्कची जाडी किती भरली, एवढंच पाहायचं. पिना मोकळ्या, चारही पॅड ५ मिलिमीटरच्या वर, पेडल घट्ट असेल तर क्लिपा बदलून, ग्रीस करून, ब्रेक ऑइल नवं घालून वेरूळला जा. पॅड पातळ निघाले तर नवे घाला आणि घाटाआधी जळगावच्या दोन-तीन फेऱ्यांत ते बसू द्या. मागचे लायनर नुसते साफ करून घ्या, ते ओले किंवा पातळ दिसले तरच बदला. डिस्कचा आकडा आणि आतल्या पॅडचा फोटो मला पाठवलात तर डिस्क ठेवायची की काढायची ते नक्की सांगेन.